जरच्या पोटात जर

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय सखूस,

थोरल्या जावेचा, केसरचा, आशीर्वाद. पाकीट बघून तुला वाटलं असेल, की आता तिकडचं कोण गेलं. कोणी गेलं नाही. सगळे आपापल्या जागी आहेत, माझे गुडघे तेवढे जागेवर राहिलेले नाहीत. तुझ्या राहुलचं, सुनेचं, काशीदच्या तुमच्या खोल्यांचं नीट चाललंय हे कानावर येतं. मुरुडच्या एसटीतून उतरणारा कोणी ना कोणी सांगतोच.

फोन का नाही केला म्हणशील. तू "हां, बोला" म्हणालीस की मला पुढचं सगळं विसरायला होईल, म्हणून. आणि लिहायला मला तूच शिकवलंस ना. मी दुसरी नापास, तू सातवी पास. खळ्यावर राख पसरून माझं बोट धरून गिरवून घ्यायचीस, वर सासूबाईंचं ऐकायचीस, "दोघी जावा राखेत खेलतायत." ते अगदी शेवटचं, गाठोड्यासारखं अक्षर मला अजून काढता येत नाही. ते ज्या शब्दात येतं तो शब्द मी लिहीतच नाही. बाकी सगळं येतं.

गणपती नीट झाले. शेजारच्या चंद्राबाईने यंदाही न विचारता आमच्या पाटीतले तांदूळ उपसून मोदकांना नेले आणि मोदक आणून दिले मोजून पाच. तळ्यातला जिताडा मासा हातभर झालाय, पण पितरं आटपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आता खरी बातमी सांगते. प्राप्ती आलीय, आपल्या हर्षदची लेक. तू गेलीस तेव्हा दोन-अडीच वर्षांची होती, तुझ्या कडेवर बसून बांधातल्या उघाडीवर, खाडीचं पाणी अडवायच्या दारापाशी, खेकडे बघायला जायची. आता ती नवी मुंबईतल्या कंपनीत संगणकाचं काम करते. गणपतीला आली ती राहिलीच. पडवीत तुळशीसमोर मांडीवर ते यंत्र घेऊन बसते, कारण फोनला तार, ती रेंज म्हणते ती, घरात फक्त तिथेच मिळते. सखू, तुला सांगते, मी पंचाहत्तरीकडे चालले, समुद्र बघितला, उधाण बघितलं, हातभर उंचीच्या भातात उभी राहून इंद्रधनुष्य बघितलं. पण असलं काही बघितलं नव्हतं.

मी शेजारी वाल निवडत बसले होते. तिने पडदा माझ्याकडे वळवला. काळ्यावर रंगीत अक्षरं, ओळीखाली ओळ, भाताची आवणी केल्यासारखी. पण सरळ नाही. काही ओळी आत सरकलेल्या, त्यांच्या खालच्या आणखी आत. मी म्हटलं, "ही अशी उतरंड का गं?"

"आजी, हे यंत्राला सांगितलेलं काम आहे. कारखान्यातल्या बायकांना बस कुठून उचलणार, कुठे सोडणार, ते हे ठरवतं. ओळ आत गेली म्हणजे तिच्यावर अट आहे. हे बघ, इफ. इफ म्हणजे जर."

इंग्रजीतला जर कसा दिसतो सांगू? कपाळावर टिकली लावलेली एक पोर उभी, आणि तिच्याशेजारी एक वाकलेली म्हातारी. बस्स. टिकली आणि म्हातारी दिसली की तो जर. मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही, पण आता जर येतो.

"जर दुसरी पाळी असेल, जर पाऊस असेल, जर बाई एकटी असेल..." प्राप्ती बोटाने दाखवत गेली. "आणि हे बघ, ह्या जरच्या पोटात दुसरा जर. त्याच्या पोटात तिसरा."

"म्हणजे पोटुशी जर!" मी म्हटलं. ती इतकी हसली की यंत्र मांडीवरून घसरलं.

मग मी म्हटलं, थांब, मी मोजते. ती पडदा सरकवत गेली, आणि टिकली-म्हातारी दिसली की मी एक वाल ताटात टाकत गेले. सदतीस वाल झाले. प्राप्तीने एक कळ दाबली, यंत्राने आपला आकडा दिला. एक्केचाळीस! ती डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, तू जवळजवळ बरोबर आहेस. एकही जर नसला तरी एक सरळ वाट असतेच, तिचा एक. आणि एकाच जरमध्ये जिथे 'आणि', 'किंवा' येतं, तिथेही वाट फुटते. ते तीन तुझ्याकडून सुटले."

मी उठले, देवाला साखर ठेवली. बाहेर जाऊन चंद्राबाईला सांगितलं, आमच्या प्राप्तीला एक्केचाळीस पडले. चंद्राबाई म्हणते, "किती पैकी?" ते मी विचारलंच नव्हतं. परत आत आले. "प्राप्ती, किती पैकी गं?"

तिने कपाळाला हात लावला. "अगं आजी, हे मार्क नाहीत. हा ताप आहे. ताप मोजतात ना, तसं हे मोजायचं. दहाच्या आत बरं. एक्केचाळीस म्हणजे वाचणारा माणूस ओळीत हरवणार."

मी देवापुढची साखर परत घेतली नाही. ताप मोजणारं यंत्र पोरीच्या हातात आहे, हेही थोडं नाही. आपल्या बोलण्याचा ताप कोणी मोजला होता का कधी? मला तेव्हापासून नादच लागलाय. काल चंद्राबाई भजनाचं सांगायला आली. "पाऊस उघडला तर ये, गुडघा बरा असला तर ये, सून घरी असली तर तिलापण आण, नसली तर राहू दे..." मी पदराआड बोटांवर मोजत होते. सहा. मोदक पाच, जर सहा.

आता हात दुखला. तुझ्या सुनेला आशीर्वाद. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी थोरली जाऊ,
केसर

ता. क. प्राप्तीने फोनवर काहीतरी बघून मला एक नाव विचारलं. मी वाल निवडत होते. ऐकू आलं नाही असं केलं.

⁂

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय सखूस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. मी चालेल म्हटलं होतं, म्हणून चालवून घेते.

पितरं सुरू आहेत. रोज कोणाकडे ना कोणाकडे वडे तळल्याचा वास येतो. मला त्या वासाने काय होतं ते तुलाही होत असेल. ते मागाहून लिहिते. आधी प्राप्तीचं लिहिते.

त्या बसच्या कामात गेल्या आठवड्यात घोटाळा झाला. कंपनीत रुचिका नावाची नवी पोर आहे. तिला सांगितलं, अमुक एक थांबा बदल. तिने एक ओळ बदलली. आणि संध्याकाळी बावीस बायका कारखान्याच्या फाटकाबाहेर दीड तास पावसात उभ्या. बस भलतीकडेच गेली. दुसऱ्या दिवशी यंत्रावर सगळ्यांची बैठक भरली. मी पडवीतच होते, सगळं ऐकू येत होतं. एक पुरुषी आवाज म्हणत होता, "रुचिकाने नीट वाचलं नाही. एवढं साधं कळू नये?"  मला नुसतं त्या पोरीचं नाकाने श्वास घेणं ऐकू येत होतं. सखू, तसा श्वास मी आधी ऐकलाय.

मग आपली प्राप्ती बोलली. "सर, नीट वाचता येईल असं ते लिहिलेलंच नाही. त्याचा आकडा एक्केचाळीस आहे. आठव्या जरच्या पोटात तिचा थांबा होता, तो कुणालाच दिसला नसता."

"मग ते लिहिलं कोणी?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"मी," प्राप्ती म्हणाली. "नोकरीला लागले तेव्हा. मी लिहिलंय ते."

 ही पाठ ताठ करून बसलेली, कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल. बैठक संपल्यावर मी विचारलं, "घाबरली न्हाईस?" म्हणाली, "घाबरले ना. पण आजी, वाचणाऱ्याला कळलं नाही तर पहिली चूक लिहिणाऱ्याची धरायची. नाहीतर मोजायचं तरी कशाला?"

पुढचे तीन दिवस ती ते मोडून नीट करत बसली होती. मी बघत होते. आधी तिने शंभरेक परीक्षा लिहून ठेवल्या, की ह्या पाळीला, ह्या पावसात बस कुठे जायला हवी. मग एक मोठं गाठोडं सोडून त्याच्या लहान लहान पुड्या केल्या, प्रत्येक पुडीला नाव दिलं. 'बाई एकटी आहे का', 'पाऊस आहे का', अशी सरळ नावं. जिथे नकारच द्यायचा तिथे तो आधीच देऊन मोकळं व्हायचं, पोटात घेऊन फिरायचं नाही. प्रत्येक बदलानंतर त्या शंभर परीक्षा पुन्हा. पडद्यावर हिरवे ठिपके यायचे. मी म्हटलं, "एवढं मोडलंस, मग काम बदललं असंल."

"नाही आजी. काम तेच. एका केसाचा फरक नाही. फक्त वाचणाऱ्याला आता सरळ दिसतं."

शेवटी प्रत्येक पुडीचा आकडा दोन, तीन, फार तर चार. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. ती आत आत जाणारी उतरंड गेली होती. ओळी काठाला लागून उभ्या होत्या. मला रडूच आलं, का ते तिला कळेना.

"नावाचं फार जपावं लागतं," ती म्हणाली. "नाव चुकीचं असलं की वाचणारा चूक भलत्याच जागी शोधत राहतो." आणि मग तिने परत विचारलं. या खेपेला मी बहिरी होऊ शकले नाही.

"आजी, आपल्या उधाणाच्या ग्रुपचं नाव 'सखूची खांड' का आहे? ही सखू कोण?"

तुला हे कोणी सांगितलंय की नाही, माहीत नाही. उघाडीजवळ बांध फुटून जी खांड गेली, तिला गाव तेव्हापासून 'सखूची खांड' म्हणतं. आता नवा बांध आहे, लोखंडी दार आहे, पण नाव तेच. उधाणाला पोरं राखणीला जातात तीसुद्धा म्हणतात, "सखूच्या खांडीवर भेटू." तुला बघितलेलंही नाही त्यांनी. उधाणाची राखण बघणाऱ्या कुलदीपने फोनवर गावचा ग्रुप केला, तर त्याला नावही तेच.

मी प्राप्तीला सांगितलं, सखू तुझी धाकटी आजी. मग सगळंच सांगावं लागलं. बावीस वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावस्या. भात पोटरीला, कणसं फुटायच्या बेताला आलेलं, भरतीला दुपारचे साडेबारा. हे पितरांना पान वाढायला बसलेले. दादूभावजी, तुझे हे, वरच्या आळीत मामांना जेवायला बोलवायला गेलेले. आणि माझे हात वड्याच्या पिठात. म्हणून उघाडीवर तुला पाठवलं. तेव्हा आपली उघाडी जुनी, फळी हाताने खाली सोडावी लागायची, आणि पाण्याची खूण म्हणजे शेजारचा दगड.

प्राप्ती म्हणाली, "तू तिला नेमकं काय सांगितलंस? शब्द न् शब्द सांग." तिने यंत्रात लिहून घेतलं. मला अजून पाठ आहे सखू. चुलीपाशी बसून, तुझ्याकडे न बघता मी म्हणाले होते:

"पाणी दगडाच्या वर आलं तर फळी टाक. पण भावजींचं जाळं आत असलं तर आधी जाळं काढ, अन् त्यात मासा असला तर टोपलीत घे. शेतातलं पाणी उतरलं नसलं तर थांब, पण भरतीला जोर असला तर थांबू नको. वरच्या बांधावर कोण दिसला तर त्याला विचार, तो न्हाय म्हणाला तर तुझ्या मनाने कर. अन् भावजी येताना दिसले तर काय करू नको, ते बघतील."

मी वाल घेऊन बसले. आठ वाल. सरळ वाटेचा एक. नऊ.

नऊ म्हणजे दहाच्या आत. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण प्राप्ती म्हणाली, "थांब, दुसरं माप आहे. जरच्या पोटातल्या जरला जास्त धरायचं." मासा जाळ्याच्या पोटात. जोर थांबण्याच्या पोटात. 'न्हाय म्हणाला' विचारण्याच्या पोटात. ह्या मापात सरळ वाट धरत नाहीत, म्हणून आठ आणि तीन, अकरा झाले. म्हणाली, "आजी, हे अकरा खुर्चीत बसून वाचणाऱ्याचे. ती बांधावर उभी होती, पायाखालून पाणी चढत होतं."

मग तिने अगदी गरीब तोंडाने विचारलं, "आणि समज पाणी दगडाच्या वर आहे, आणि दादूआजोबाही येताना दिसतायत. मग कुठलं ऐकायचं? पहिलं की शेवटचं?"

बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःला विचारलं नव्हतं. पहिलं म्हणतं फळी टाक. शेवटचं म्हणतं काही करू नको. सखू, तू भावजींना येताना बघितलं असशील. शेवटचं सांगितलेलं तेच माणूस धरतो. तू परत फिरलीस. भावजींनी तुला घराकडे जाताना बघितलं, त्यांना वाटलं फळी पडली, ते खालच्या पायवाटेने जेवायला वळले. आणि बांध फोडत खाडी आत आली.

अंगणात सगळी जमली तेव्हा सासूबाई ओरडल्या, "या बयेला एक फळी टाकता आली न्हाय!" तू म्हणालीस, "थोरल्या बायने सांगितलं तसंच केलं मी," आणि माझ्याकडे बघितलंस. नाकाने श्वास घेत होतीस. सासूबाईंनी मला विचारलं, "काय सांगितलंवतंस गं?" मी म्हटलं, "पाणी दगडाच्या वर आलं तर फळी टाक म्हणून सांगितलंवतं."

पहिला जर सांगितला. सात गिळले.

तीन वर्षं खारं शेत पिकलं नाही. तुम्ही त्या आधीच काशीदला निघून गेलात. भावजी वारले तेव्हा मी आले होते. नारळाच्या बागेत मागे उभी होते, तू बघितलं नाहीस, की बघितलंस, माहीत नाही.

ते सांगणं गुंत्याचं होतं, सखू. ते सांगितलं मी. तुझ्या हातून चूक झाली नाही. हे लिहायला मला एक्केचाळीस आकड्याचा ताप बघावा लागला.

प्राप्ती म्हणाली, "आता तेच सोपं करून सांग." मी म्हटलं, "पाणी दगडाला लागलं की फळी टाक. जाळं गेलं खड्ड्यात." ती म्हणे, "आजी, 'की' म्हणजेपण जरच." म्हटलं, असू दे एक.

तुझी,
केसर

⁂

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

सखू,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. एकच ओळ. "बाय, मी ह्यांना बांधावर बघून मागे फिरले, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं का?"

हो. माहीत होतं.

मागच्या पत्रात मी "बघितलं असशील" असं लिहिलं. ती लबाडी होती. तू मागच्या दाराने आलीस, पाय धुतलेस, मला म्हणालीस, "बाय, हे येतायत मागून, बघतील." मी वडा तेलात सोडत होते. मी "बरं" म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या तोंडाने "बरं" म्हणाले. नंतर अंगणात तू माझ्याकडे बघितलंस ते त्या "बरं"साठी. आणि मी ते दिलं नाही. सासूबाईंची भीती वाटली. त्या वर्षी घराच्या किल्ल्या नुकत्याच माझ्या कमरेला आल्या होत्या. त्या परत जातील असं वाटलं. एवढंच. याला मोजायला वाल लागत नाहीत. गुंता होता तो सांगण्यात होता. गप्प बसणं अगदी सरळ होतं, एका ओळीचं.

ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. ते गेले, सासूबाई गेल्या. आता ओरडणारं कोणी उरलं नाही म्हणून मी बोलतेय असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे ते थोडं.

काल सर्वपित्री होती. दुपारच्या उधाणाला सगळं गाव बांधावर होतं, पाणी बघायला. मी प्राप्तीच्या खांद्याला धरून गेले. वाटेत चारदा बसले. कुलदीप लोखंडी दाराच्या चाकाशी उभा होता. दगड तोच आहे अजून, शेवाळलेला. पाणी त्याला लागलं, त्याने चाक फिरवलं, दार खाली गेलं. खाडी बाहेर गरगरत राहिली आणि आत आपलं भात हललंही नाही. मी तोंडाला पदर लावून बघत राहिले. इतकं सोपं होतं ते.

मग मी म्हटलं, "पोरांनो, ऐका. ही खांड सखूची न्हाय. दादूभावजी दिसल्यावर काय करू नको असं तिला मीच सांगितलंवतं, अन् मग सासूपुढं मी गप्प ऱ्हायले. ही खांड माझी हाय."

  चंद्राबाई मागून म्हणाली, "बावीस वर्षं काय तोंडात पान होतं गं तुझ्या?" मी म्हटलं, "व्हय, पानच होतं. आज थुकले."

एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे बाय, आता कशाला उकरायचं." कुलदीप मात्र माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "आजी, मग ग्रुपला नाव काय देऊ?" मी सांगितलं. त्याने तिथेच अंगठ्याने लिहिलं. आणि सखू, बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. टुंग, टुंग, टुंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बगळे उडाले. दीडशे फोनांवर एका दमात तुझं नाव पुसलं गेलं आणि माझं आलं. मला देवळातल्या सगळ्या घंटा एकदम वाजल्यासारखं झालं. अंगावर काटा आला तो अजून गेला नाही. काल एवढ्या लाजेतसुद्धा मला, म्हातारीला, आनंद झाला. तुला राग येईल, पण झाला.

संध्याकाळी प्राप्तीने पत्र्यावर रंगाने लिहून दाराशी लावलं: 'पाणी दगडाला लागलं, दार पाडा.' खाली दुसरं काही नाही. रुचिका नावाची ती पोर, तिचंही बरं झालं. आता तेच काम दोघी मिळून करतात.

प्राप्ती म्हणते, सोपं केल्याने काम बदलत नाही, फक्त वाचणाऱ्याला सरळ दिसतं. माझंही तसंच झालं. मेलेलं भात परत उगवत नाही. भावजी हे ऐकायला नाहीत. तू काढलेली बावीस वर्षं तू काढलीसच. फक्त आता जो वाचेल त्याला चूक कुठे होती ते दिसेल.

आज घटाला माती त्या खांडीवरची आणली. भात पेरलं. उघाडीच्या शेताला पोटरी आलीय. जिताडा अजून तळ्यात आहे. तुला डोकं आवडायचं, ते तुझं.

हे पत्र परत वाच. वाल हाताशी घेऊन वाच. जर हा शब्द मी आत्ता सांगण्यापुरता लिहिला, तो सोडून या पत्रात दुसरा सापडणार नाही. प्राप्तीला न विचारता, मी एकटीने चारदा फाडून लिहिलंय ते.

कापणीला ये.

ती खांड जिची,
ती केसर